अब्बांचा आवाज आणि चाळीस-शहात्तरची वायर

शाबान लागला की आमच्या घरी माळ्यावरचं सामान खाली उतरतं. रमजानचा चंद्र दिसायच्या आत घर लख्ख झालं पाहिजे, हा अम्मीचा जुना दंडक. यंदा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली आणि आवराआवर तिथेच अडली. पेटीत एकोणीस कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर निळ्या शाईत चाचांचं नाव आणि तारीख. अक्षर अब्बांचं.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगायला नको. १९८० च्या दशकात आखातात गेलेल्या माणसाशी फोनवर बोलायचं तर कॉल बुक करून तासन् तास पोस्टात बसावं लागे, आणि मिनिटा-मिनिटाचे पैसे मोजावे लागत. पत्राला पंधरा-वीस दिवस. म्हणून घरोघरी बोलती पत्रं सुरू झाली. टेपरेकॉर्डरची लाल कळ दाबायची आणि सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं. गावचा कुणी सुटी संपवून परत निघाला की त्याच्या सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी आपली कॅसेट ठेवायची. आमचे चाचा कुवेतला होते. अब्बा मलकापूरला एका जिनिंगमध्ये मुनीम. दर दोन-तीन महिन्यांनी ते भावाशी अर्धा तास बोलत. चाचांनी एकही कॅसेट पुसली नाही की त्यावर दुसरं काही भरलं नाही. परत आले तेव्हा सगळ्या पेटीत घालून घेऊन आले. आता दोघेही भाऊ अल्लाहला प्यारे झाले. अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली.

बैठकीच्या खोलीत आमचा जुना कॅसेट डेक आहे. त्याचा ॲम्प्लिफायर वेगळा, दोन लाकडी स्पीकर वेगळे. वापर कमी झाला तरी तो आम्ही विकला नव्हता. पहिली कॅसेट लावली. अम्मी दारात सूप घेऊन डाळ पाखडत बसली होती. अब्बा बोलू लागले. पऱ्हाटी यंदा बरी आहे, एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर गाड्यांची रांग लागली आहे, ग्रेडर चांगल्या मालालाही खालची प्रत लावतो आहे. शब्द सगळे कळत होते. पण आवाज पातळ, पोकळ. कुठून येतो ते कळेना. डाव्या स्पीकरमधून नाही, उजव्यातून नाही, मधूनही नाही.

अम्मीने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "बेटा, हे तुझे अब्बा नाहीत. दाणे उडून गेले, भुसा राहिला." आणि सूप उचलून आत गेली.

अब्बांचा आवाज भारी होता. जिनिंगच्या यंत्रांच्या खडखडाटातही ते हमालांना लांबून हाक मारत आणि ती पोचत असे. आम्हाला वाटलं, कॅसेटी गेल्या. चाळीस वर्षं झाली, घाटाखालचा उन्हाळा, पत्र्याची पेटी. चुंबकी पट्टी किती तग धरणार? पण त्याच डेकवर आम्ही कारी अब्दुल बासित यांच्या तिलावतीची कॅसेट लावून पाहिली, तीही तशीच पोकळ लागली. मग दोष कॅसेटींचा नव्हता.

मोठ्या शहरातल्या एका दुकानात फोन केला. दुकानदाराने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमची वायर साधी असणार, आवाजाचा खालचा भाग तीच खाते. त्याच्याकडे खास वायर होती. ऑक्सिजनमुक्त तांबं, वरून जाळी, आणि आवाज कुठल्या दिशेने जायचा ते दाखवणारे बाण छापलेले. मीटरला नऊशे रुपये. आम्हाला बारा मीटर लागणार होती, म्हणजे दहा हजार आठशे. वाचकांपासून काय लपवायचं, आम्ही ते पैसे दिले असते. एरवी आम्ही भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. पण मरहूम बापाचा आवाज म्हटला की हिशेब कोण करतो? अशा वेळीच माणूस सहज फसतो.

पैसे वाचवले आमच्या भाच्याने. तो आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून आता घरांची वायरिंग करतो. तो म्हणाला, "मामू, पैसे ठेवा खिशात. आधी आहे ती वायर बघू."

कपाट सरकवलं. मागे जे होतं त्याला वायर म्हणायचं तर म्हणा. दारावरच्या घंटीला लावतात तशी बारीक दोरी. मध्ये एका ठिकाणी तुटली होती, ती आम्हीच कधीतरी पीळ देऊन सेलोटेपने जोडली होती. जोडावरचं तांबं काळंठिक्कर. खाली उंदरांनी दोन ठिकाणी वरचं प्लास्टिक कुरतडलेलं. भाच्याने ते सगळं बाजूला ठेवून भलतंच पाहिलं: कोणती तार कुठे लावली आहे. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर प्रत्येक स्पीकरसाठी एक लाल आणि एक काळी जागा असते. स्पीकरच्या पाठीवरही तशाच दोन. लाल लालला आणि काळी काळीला जोडायची. उजवीकडे बरोबर होतं. डावीकडे उलट. पाच वर्षांपूर्वी खोलीला रंग दिला तेव्हा तारा आम्हीच काढल्या होत्या, आणि आम्हीच लावल्या होत्या.

त्याने ॲम्प्लिफायर बंद केला, डाव्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा चालू केला आणि कॅसेट लावली.

अब्बा दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध बसून बोलू लागले. अम्मी आतून आली ती हाताला कणीक तशीच. खुर्चीवर बसली. कुणीच काही बोललं नाही.

एक पैसाही खर्च झाला नव्हता. हे आम्ही आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही वायर कशी बनवली ते लिहिणार आहोत, आणि वायर बदलल्यामुळेच आवाज परत आला असं कुणाला वाटायला नको.

झालं होतं ते असं. स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलतो आणि हवेला ढकलतो. दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे गेले तर दोघांचा जोर एक होतो. एका बाजूची तार उलटी असेल तर एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खालच्या, भारी स्वरांचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं. पुरुषाच्या भारी आवाजाचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा. त्याची हवेतली लाट सुमारे तीन मीटर लांब. आमचे स्पीकर एकमेकांपासून दीड मीटरवर. एवढ्या लांब लाटेपुढे दोन्ही स्पीकर जवळजवळ एकाच जागी असल्यासारखे ठरतात, आणि एकाची लाट दुसऱ्याची पुसून टाकते. बारीक स्वरांच्या लाटा काही सेंटिमीटरांच्या. त्या पूर्ण पुसल्या जात नाहीत, म्हणून शब्द कळतात. घरगुती टेपरेकॉर्डरवर एकाच मायक्रोफोनने भरलेल्या कॅसेटीत तर डावीकडे आणि उजवीकडे अगदी तोच आवाज असतो. त्यामुळे तो जास्तीत जास्त पुसला जातो. स्टुडिओत भरलेली नवी गाणी अशा उलट्या जोडणीवरही बऱ्यापैकी लागतात, म्हणून पाच वर्षं आमच्या लक्षात आलं नाही.

तुमच्या घरी असं झालंय का हे पाहायला साधा उपाय आहे. दोन्ही स्पीकर समोरासमोर, तोंडाला तोंड लावून वीतभर अंतरावर ठेवा आणि बोलण्याचा कार्यक्रम लावा. मग ॲम्प्लिफायर बंद करून एका स्पीकरच्या तारा उलटून लावा आणि पुन्हा ऐका. ज्या जोडणीत आवाज भरदार लागतो ती बरोबर. स्पीकरवरचे रंग पुसले गेले असतील तर ॲम्प्लिफायरपासून तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कागदी पडदा पुढे आला तर सेलच्या अधिक बाजूला जी तार आहे ती स्पीकरची लाल. सेल धरून ठेवू नका, नुसता टेकवा.

आता वायर. आवाज आला, पण दार आपटलं की डावीकडे खर्र व्हायचं. तो सेलोटेपचा जोड. उंदरांनी कुरतडलेल्या जागी दोन तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर ॲम्प्लिफायर जळाला असता. म्हणून ती दोरी फेकून नवी बनवायची ठरली. भाचा म्हणाला, "चाळीस-शहात्तर आणू."

वायरच्या दुकानात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. चौदा-शहात्तर, तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर, सत्तर-शहात्तर. पहिला आकडा म्हणजे आत किती बारीक तारा आहेत तो. दुसरा त्या तारेची जाडी: इंचाचा ०.००७६ भाग, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून जराशी कमी. इंच जाऊन मिलिमीटर येऊन कितीतरी दशकं झाली, वेष्टनावर आता चौरस मिलिमीटर छापतात. पण काउंटरवरची बोली इंचातच अडकली आहे. हिशेब केला तर चौदा-शहात्तरमध्ये तांबं सुमारे ०.४ चौरस मिलिमीटर भरतं, तेवीसमध्ये ०.६७, चाळीसमध्ये १.१७ आणि सत्तरमध्ये २ च्या थोडं वर.

वायरीचं काम एकच, वीज वाटेत न अडवता पोचवणं. तांब्याची तार थोडीफार अडवतेच. जितकी बारीक आणि जितकी लांब, तितकी जास्त. स्पीकरच्या पाठीवर ४, ६ किंवा ८ ओहम असं लिहिलेलं असतं. वायरचा जाऊन-येऊनचा रोध या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमपर्यंत, ४ ओहमच्याला ०.२ पर्यंत. यावरून लांबी निघते. ८ ओहमला चौदा-शहात्तर पावणेपाच मीटरपर्यंत, तेवीस साडेसात मीटरपर्यंत आणि चाळीस तेरा मीटरपर्यंत चालते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर या सगळ्या लांब्या निम्म्या करा. हॉल फार मोठा असेल तर सत्तर घ्या. घरातल्या खोलीला त्याहून जाड काहीही लागत नाही.

आमची जुनी दोरी चौदा-शहात्तर होती आणि लांबचा स्पीकर सात मीटरवर, म्हणजे मर्यादेबाहेर. तरी तिच्यामुळे आवाज जेमतेम अर्ध्या-पाऊण डेसिबलने कमी होत असेल, आणि एक डेसिबलचा फरकही कानाला कसाबसा कळतो. बारीक वायरीने आवाज थोडा बदलतो, पण बापाचा भुसा करत नाही. तो उद्योग उलट्या जोडणीचा.

आम्ही बारा मीटर चाळीस-शहात्तर घेतली, दोन तारा एकमेकींत पिळलेली, एक लाल आणि एक काळी. मीटरला ३८ रुपये पडले. आठ थिंबल आणि हीट-श्रिंकची नळी मिळून ४४. एकूण बरोबर पाचशे. थिंबल म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवायची तांब्याची टोपी. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात सुटी मिळते.

घेताना एक गोष्ट बघा. बाजारात 'स्पीकर वायर' म्हणून जी लाल-काळी किंवा पारदर्शक पट्टी स्वस्तात मिळते तिच्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. दिसायला लालबुंद. टोक सोलून एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरं निघालं तर मुलामा. हातावर तोलली तरी कळतं, जाड असून हलकी लागते. ती वाईट आहे असं नाही, पण तांब्याइतकं काम तिच्याकडून करून घ्यायचं तर दीडपटीहून जाड घ्यावी लागते, आणि दोनचार वेळा वाकवली की टोकाशी तुटते. घराच्या वायरिंगची आयएसआय छापाची वायर उरली असेल तर ती उत्तम. भाच्याने एका ग्राहकाच्या घरी मोडीत काढलेल्या कूलरची तीन तारांची वायर वापरली आहे, लाल आणि काळी जोडून, हिरवी दोन्हीकडून कापून. चार वर्षं झाली, चालू आहे. जुनी वायर वापरताना टोकाचं तांबं काळं-हिरवं झालं असेल तर चकचकीत दिसेपर्यंत कापत जा.

बनवण्यासारखं त्यात खरं म्हणजे फारसं नाही. सुतळी घेऊन ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेने, दाराची चौकट वळसा घालून, वायर जाईल तशी मापा. बहुतेकजण हवेतलं सरळ अंतर मोजतात आणि मग वायर खोलीच्या मधून लोंबते, तिच्यात आजीचा पाय अडकतो. मापात हातभर जास्त धरा. दोन्ही बाजूंच्या वायरी अगदी सारख्या लांबीच्या हव्यात हा समज चुकीचा आहे. वीज तारेतून एवढ्या वेगाने जाते की दोन-तीन मीटरचा फरक कानाला कळणं शक्य नाही. दुहेरी पिळलेली वायर मिळाली नाही तर दोन सुट्या वायरी घ्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरं हातड्रिलमध्ये अडकवून हळूहळू पिळा. पिळताना लांबी कमी होते, म्हणून आधीच दहावा हिस्सा जास्त घ्या. आमच्या घरातल्या मुलांनी या कामासाठी आपसांत मारामारी केली.

टोकाचं प्लास्टिक सोलताना आतल्या तारा कापल्या जाऊ देऊ नका. चाळीसपैकी दहा तुटल्या तर तीस-शहात्तर झाली. दीड सेंटिमीटर सोला, घट्ट पीळ द्या, थिंबलमध्ये घाला, पक्कडने नव्हे तर थिंबलच्याच दाब-पकडीने दाबा. ती नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून पाच मिनिटांचं काम. वरून हीट-श्रिंकची नळी सरकवून काडीपेटीच्या आचेवर दुरून धरा, ती आवळून बसते. ॲम्प्लिफायरला स्प्रिंगच्या कळा असतील तर थिंबल मावणार नाही. नुसती पिळलेली तार घाला. काहीजण टोकाला कथिल लावतात. स्क्रूखाली येणाऱ्या टोकाला लावू नका: कथिल मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सहा महिन्यांनी स्क्रू सैल झालेला सापडतो. जोडणी घट्ट हवी, आणि एकही सुटी तार शेजारच्या जागेला टेकता कामा नये. ती टेकली तर दहा हजारांच्या वायरीनेही ॲम्प्लिफायर वाचत नाही. लाल तारेच्या दोन्ही टोकांना एकेक गाठ रंगीत दोऱ्याची बांधा, म्हणजे पुढच्या वेळी रंगकाम झाल्यावर आमच्यासारखं होणार नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. काही घरांत स्पीकरच्या वायरीला घरच्या विजेचा दोन पिनांचा प्लग लावलेला आम्ही पाहिला आहे, कारण तसा सॉकेट स्वस्तात मिळतो. लहान मूल तो प्लग भिंतीत खुपसतं. स्पीकर जळतो, आणि त्याच वेळी कुणी वायरीचं दुसरं, उघडं टोक धरलेलं असेल तर जीव जातो. स्पीकरच्या वायरीला घरच्या विजेचा प्लग कधीही लावू नका, आणि घरच्या वायरिंगच्या पाइपातून स्पीकरची वायर ओढू नका.

काम चालू असताना भाच्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं की मशिदीच्या भोंग्याची वायर तर किती बारीक असते, आणि पन्नास मीटर लांब जाते. ती कशी चालते? प्रश्न पक्का होता. भोंग्याचे ॲम्प्लिफायर वेगळ्या जातीचे असतात. रेल्वेच्या फलाटावर, शाळेत, मंदिरात, मशिदीत, सगळीकडे बहुधा तेच. ते आवाजाची वीज १०० व्होल्टपर्यंत चढवून पाठवतात आणि प्रत्येक भोंग्याशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर ती पुन्हा उतरवतो. २० वॅटचा भोंगा त्या लाइनला ५०० ओहमचा दिसतो. पन्नास मीटर चौदा-शहात्तरचे चार ओहम त्यापुढे काहीच नाहीत. वीजकेंद्रातून गावापर्यंत वीज मोठ्या दाबाने आणतात, तोच हा हिशेब. घरच्या ८ ओहमच्या स्पीकरला तीच पन्नास मीटर वायर लावली तर मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शक्ती वाटेतच जिरेल. आणि म्हणून भोंग्याची लाइन चालू असताना हात लावायचा नाही, तिचा झटका बसतो.

राहिली ती नऊशे रुपये मीटरची गोष्ट. ऑक्सिजनमुक्त तांबं खरं असतं, पण साध्या चांगल्या तांब्यापेक्षा ते वीज वाहण्यात फार तर एक टक्का सरस. तेवढा फरक वायर दोन बोटं आखूड कापली तरी भरून निघतो. बाणांना काही अर्थ नाही, कारण आवाजाची वीज एका दिशेने वाहतच नाही; सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पुढे-मागे होते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी 'मॉन्स्टर' नावाने जाड वायरी महाग विकायला सुरुवात झाली आणि तिथपासून हा धंदा फोफावला. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या तिथल्या मासिकाने ऑगस्ट १९८३ मध्ये ऐकणाऱ्यांना नाव न सांगता वायरी बदलून परीक्षा घेतली होती. त्यात टेबल-दिव्याची जाड साधी वायरही होती आणि ती महाग वायरही. संगीत ऐकताना या दोन जाड वायरींतला फरक श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही.

आम्हीही गंमत म्हणून तशी परीक्षा घेतली. छत्रपती संभाजीनगरच्या एका स्नेह्याने आपली महागडी वायर दोन दिवसांसाठी दिली. भाचा पडद्यामागे बसला, नाणं उडवून वायर बदलत गेला, आम्ही चौघांनी कारी अब्दुल बासित यांची तीच तिलावत दहा वेळा ऐकून कागदावर लिहिलं. दहापैकी सहा, पाच, पाच, चार. अम्मीचे पाच. ती म्हणाली, तिलावत दहा वेळा ऐकायला मिळाली, वायरीचं काय घेऊन बसलात. स्नेह्याने निकाल ऐकला आणि आपली वायर परत नेली. ती वाईट वायर नाही. घट्ट आहे, जाड आहे, देखणी आहे. पाचशेच्या वायरीचं काम ती अगदी व्यवस्थित करते.

कुणी म्हणेल, ज्याचे पैसे त्याने खर्चावेत. खरं आहे. पण इस्राफ म्हटलं की आपण फक्त लग्नाच्या मंडपाकडे बोट दाखवतो, आणि घरात यंत्र आलं की त्याच्याभोवतीची उधळपट्टी 'क्वालिटी' या नावाखाली खपवतो. आम्हीही त्याच वाटेवर होतो, फोन हातात होता. कॅसेटवर काय ऐकावं, संगीत ऐकावं की नाही, याची चर्चा वेगळी आणि ती इथे नको. तिलावत असो, नात असो, बातम्या असोत, क्रिकेटची कॉमेंट्री असो, वायर तीच लागते.

कॅसेटींबद्दल थोडं. ज्यांच्याकडे अशी बोलती पत्रं असतील त्यांनी ती आधी एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुढे पळवून परत गुंडाळावी, मगच वाजवावी. वर्षानुवर्षं पडून राहिलेली पट्टी एकमेकीला चिकटलेली असू शकते. डेकचं हेड औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या बोळ्यावर पुसावं. कॅसेटीच्या वरच्या कडेला मागच्या बाजूने दोन छोट्या चौकोनी पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. आणि वाजवताना एकदा तरी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर तिची नक्कल काढून ठेवा. स्पीकरसमोर मोबाइल धरून नव्हे, डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून तार घेऊन.

एकोणीसपैकी आतापर्यंत अकरा ऐकून झाल्या. रमजानमध्ये तरावीहनंतर रोज अर्धा तास, आवाज लहान ठेवून, कारण शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे. सातव्या कॅसेटीत अब्बा चाचांना सांगतात की येताना माझ्यासाठी काही आणू नकोस, पण तुझ्या भाभीसाठी एक विजेची इस्तरी आण, हलकी असलेली, तिचे हात दुखतात.

अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इस्तरी काही आली नाही. त्याने टेपरेकॉर्डर आणला."